पुदिना वाटायचा नाही: घरच्या घरी मिंट ज्युलेप

पुदिन्याची जुडी हातात आली की आपला हात आपोआप मिक्सरकडे जातो. चटणी असो, पाणीपुरीचं पाणी असो नाहीतर मठ्ठा, आपल्याकडे पुदिना वाटला, ठेचला किंवा बारीक चिरला तरच कामाला येतो. मिंट ज्युलेप, म्हणजे पुदिना घातलेलं व्हिस्कीचं अमेरिकन कॉकटेल, करताना मात्र नेमकं हेच करायचं नसतं. ही एक गोष्ट हाताला कळली की बाकीचं सगळं सोपं आहे.

मला ती कळली अमेरिकेच्या केंटकी राज्यातल्या लुइव्हिलमध्ये. मे महिन्यात मावसभावाकडे राहायला गेले होते. संध्याकाळी त्याने अंगणातल्या कुंडीतून पुदिना खुडून आणला आणि माझ्या हातात एक लाकडी बत्ता दिला. मी सवयीने पानं ठेचायला लागले. पेल्याच्या तळाशी हिरवागार लगदा झाला आणि एका घोटातच कळलं की काहीतरी चुकलंय. कच्चं गवत चघळावं तसा कडवटपणा आला होता, वर पानांचे तुकडे दातांत अडकत होते. भावाने तो पेला शांतपणे बाजूला ठेवला, दुसरा घेतला आणि म्हणाला, "ताई, चटणी नाही करायचीये. नुसतं थोपट, बाळाला थोपटतात तसं." त्या दुसऱ्या पेल्याची चव अजून जिभेवर आहे. म्हणून ज्यांनी आजवर घरी कधी कॉकटेल केलेलं नाही, त्यांच्यासाठी हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

ज्युलेपमध्ये चारच गोष्टी असतात: बर्बन (मक्याची अमेरिकन व्हिस्की), पुदिना, साखर आणि कुटलेला बर्फ. लिंबू नाही, सोडा नाही. सामान इतकं थोडं असल्यामुळे प्रत्येक गोष्ट नीट लागते. एखादी बिघडली तर ती झाकायला दुसरं काही नसतं.

नाव कुठून आलं

हा भाग वाचला नाही तरी पेय होईल, पण मराठी माणसाने वाचावा असा आहे. फारसीत गुल म्हणजे फूल आणि आब म्हणजे पाणी. त्यावरून गुलाब, म्हणजे मुळात गुलाबपाणी. अरबीत 'ग'चा 'ज' झाला आणि शब्द झाला जुलाब. तो युरोपात गेला तेव्हा 'ज्युलेप' म्हणजे कडू औषध घेता यावं म्हणून केलेलं गोड पाकाचं पाणी, असा अर्थ झाला. आपल्याकडे तोच शब्द रेचकाचा अर्थ घेऊन आला आणि पुढे त्याला आज आपण वापरतो तो अर्थ आला. एकाच शब्दाची दोन भावंडं, एक अमेरिकेत चांदीच्या पेल्यात आणि एक आपल्याकडे डॉक्टरांना सांगायच्या तक्रारीत.

अमेरिकेत ज्युलेप आधी व्हर्जिनियात रुळला. १८०३ साली छापलेल्या एका इंग्रज प्रवाशाच्या वर्णनात, व्हर्जिनियातले लोक सकाळी पुदिना घातलेली दारू घेतात असा उल्लेख सापडतो. तेव्हा त्यात व्हिस्कीच असायची असं नाही. १८६२ साली न्यूयॉर्कच्या जेरी थॉमस या नामवंत बारटेंडरने जी कृती छापली, तिच्यात फ्रान्सची कोन्याक ब्रँडी आहे. पुढे फ्रान्समधल्या द्राक्षमळ्यांवर फिलॉक्झेरा नावाच्या किडीने घाला घातला, ब्रँडी दुर्मिळ आणि महाग झाली, आणि केंटकीच्या मक्याच्या व्हिस्कीने ज्युलेपमध्ये कायमचं घर केलं. लुइव्हिलच्या चर्चिल डाउन्स रेसकोर्सवर १८७५पासून केंटकी डर्बी ही घोड्यांची शर्यत होते, मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी. १९३०च्या दशकाच्या अखेरीपासून मिंट ज्युलेप हे तिचं अधिकृत पेय आहे. शर्यत असते दोन किलोमीटरची, जेमतेम दोन मिनिटांत संपते. पण त्या दोन दिवसांच्या सोहळ्यात रेसकोर्सवर सुमारे १,२०,००० ज्युलेप खपतात.

आधी दोन गोष्टी सांगून ठेवते

महाराष्ट्रात व्हिस्की घ्यायला वयाची अट २५ वर्षांची आहे, आणि परवानाही लागतो. तो एका दिवसाचा, वर्षाचा किंवा आयुष्यभराचा मिळतो. एक दिवसाचा दुकानातच करून देतात. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे. दुसऱ्या राज्यात किंवा परदेशात राहत असाल तर तिथले नियम आधी पाहून घ्या. अमेरिकेत अट २१ वर्षांची आहे.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ज्युलेप गोड आणि थंड लागतो, त्यामुळे तो हलका वाटतो. तो हलका नाही. एका ज्युलेपमध्ये पूर्ण ६० मिली व्हिस्की असते, म्हणजे एक लार्ज पेग. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीचा हिशेब केला तर एका पेल्यात साधारण २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल जातं. पाहुण्यांना देताना हे स्पष्ट सांगा. ज्यांना गाडी चालवायची आहे, ज्यांची औषधं चालू आहेत, ज्या गरोदर आहेत, ज्यांना यकृताचा त्रास आहे, त्यांच्यासाठी शेवटी बिनदारूची कृती दिली आहे. ती तितक्याच प्रेमाने करा.

व्हिस्की कोणती घ्यायची

पहिल्यांदा करत असाल तर बर्बनच घ्या. अमेरिकन कायद्यानुसार बर्बनच्या धान्यात किमान ५१ टक्के मका असावा लागतो आणि ती आतून जाळून कोळसा केलेल्या ओकच्या कोऱ्या पिंपात मुरवावी लागते. मक्यामुळे गोडसरपणा येतो आणि जळलेल्या लाकडामुळे व्हॅनिला, कॅरॅमलसारखा वास. पुदिन्याशी या वासाचं फार चांगलं जमतं. बाटलीवर 'स्ट्रेट बर्बन' असं लिहिलेलं असेल तर ती किमान दोन वर्षं मुरलेली असते.

मोठ्या शहरांतल्या दुकानांत जिम बीम किंवा मेकर्स मार्क सहसा मिळते. जॅक डॅनियल्स ही टेनेसी व्हिस्की, मेपलच्या लाकडाच्या कोळशातून गाळलेली. ज्युलेपला ती छान चालते. महागडी, जुनी बाटली या कामाला काढू नका. साखर आणि बर्फाखाली तिचे बारीकसारीक गुण दिसणार नाहीत. उलट व्हिस्की थोडी जास्त तीव्रतेची, ४५ ते ५० टक्क्यांची मिळाली तर अधिक चांगलं, कारण बर्फ वितळत जातो तसं पेय पातळ होत जातं आणि कमजोर व्हिस्की मध्येच हरवते.

भारतीय व्हिस्की चालेल का, हे मला नेहमी विचारतात. आपल्याकडच्या बऱ्याच स्वस्त व्हिस्क्यांमध्ये उसाच्या मळीपासून काढलेलं स्पिरिट मिसळलेलं असतं. त्यांच्यात तो लाकडाचा आणि धान्याचा वास कमी, म्हणून ज्युलेप सपक लागतो. गोव्यात तयार होणारी पॉल जॉन किंवा बंगळुरूची अमृत या सिंगल माल्ट मात्र खऱ्या धान्याच्या आहेत. त्यातली धुराचा वास नसलेली घेतली तर पेय सुंदर होतं, फक्त चव बर्बनपेक्षा वेगळी येते. धुराच्या वासाची स्कॉच अजिबात नको. धूर आणि पुदिना एकमेकांना मारतात.

पुदिना: निवडायचा कसा, ठेवायचा कसा

आपल्या भाजीवाल्याकडचा साधा पुदिनाच ज्युलेपला हवा असतो. तो स्पिअरमिंटच्या घराण्यातला. त्याच्या वासात कार्व्होन नावाचं तेल मुख्य असतं, म्हणून तो मऊ आणि गोडसर वाटतो. पेपरमिंटमध्ये मेन्थॉल जास्त. ते टूथपेस्टची आठवण करून देतं आणि व्हिस्कीला दाबून टाकतं. नर्सरीतून रोप आणणार असाल तर पान चुरगळून वास घ्या. नाकात झणझणीत थंडावा चढला तर ते रोप चहाला ठेवा, ज्युलेपला नको.

जुडी घेताना देठ पाहा. देठ हिरवा आणि सहज मोडणारा असेल तर पुदिना कोवळा. देठ जांभळट, काडीसारखा कडक झाला असेल तर पानं उग्र झालेली असतात. काळे डाग, चिकट झालेली पानं नकोत. फुलावर आलेला पुदिना तर नकोच.

घरी आणल्यावर रबर लगेच काढा. बांधलेल्या जुडीत मधली पानं गुदमरून काळी पडतात. थंड पाण्याने दोनदा धुवा, चाळणीत निथळू द्या, देठांची टोकं अर्धा बोट कापा आणि फुलं ठेवतो तशा काड्या पेलाभर पाण्यात उभ्या करून ठेवा. करायच्या आधी तासभर असं ठेवलं तर मरगळलेली पानंसुद्धा ताठ होतात. आता प्रत्येक काडीचा वरचा शेंडा, चार-सहा पानांचा, अलग खुडा. हे शेंडे सजावटीला. खालची मोठी पानं एकेक करून खुडा. ती पेल्यात जातील. देठ पेल्यात घालू नका, कडू उतरतो.

पाक

साखर थंड व्हिस्कीत नीट विरघळत नाही, तळाला खरखरत बसते. म्हणून पाक करून ठेवायचा. एक वाटी साखर, एक वाटी पाणी. मंद आचेवर साखर विरघळेपर्यंत ढवळायचं आणि लगेच बंद करायचं. तार बघायची नाही. गुलाबजामला लागतो तितकाही घट्ट नको, पाण्याहून थोडा दाट एवढाच. गार झाला की स्वच्छ बाटलीत भरून फ्रीजमध्ये ठेवा, पंधरवडाभर आरामात टिकतो.

सात-आठ जणांसाठी करायचं असेल तर पुदिन्याचा पाक सोपा पडतो. गॅस बंद केल्यावर पाच मिनिटं थांबून गरम पाकात पुदिन्याची दोन मुठी पानं बुडवा, झाकण ठेवा, अर्ध्या तासाने गाळा. पाकाबरोबर पानं उकळू मात्र नका. उकळलेल्या पुदिन्याला काढ्याचा वास येतो.

गुळाच्या पाकाचाही मी प्रयोग केला आहे. व्हिस्कीशी गूळ चांगला बोलतो, पण पुदिना मागे पडतो. मला साखरच पटते.

बर्फ: इथे खरी मेहनत आहे

नवखे लोक पुदिन्याची चिंता करतात आणि बर्फाकडे दुर्लक्ष करतात. ज्युलेप हे मुळात बर्फाचं पेय आहे. एकोणिसाव्या शतकात बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने गोठलेल्या तळ्यांमधला बर्फ कापून, भुशात गुंडाळून जहाजांनी देशोदेशी पाठवायला सुरुवात केली, आणि उन्हाळ्यात बर्फ मिळणं शक्य झालं. १८३३ साली त्याचं जहाज चार महिन्यांचा प्रवास करून कलकत्त्याला पोचलं. पुढे मुंबईतही अमेरिकन बर्फ उतरायला लागला आणि तो साठवायला बर्फघर उभं राहिलं. त्याच बर्फाने अमेरिकेतला ज्युलेप औषधी सरबतातून आजच्या रूपात आला.

बर्फ कुटलेला लागतो, चौकोनी तुकडे चालत नाहीत. बारीक तुकड्यांचा व्हिस्कीशी सगळीकडून संबंध येतो, त्यामुळे पेय झटकन थंड होतं. आणि त्यातला थोडा बर्फ वितळतो, तेच पाणी पेयाला मऊ करतं. ज्युलेपमध्ये वेगळं पाणी घालत नाहीत, ते असं येतं.

कुटायची पद्धत अशी. जाड सुती कापडाची स्वच्छ पिशवी घ्या. मांजरपाटाची, नाडीची असली तर उत्तम. फ्रीजरमधून काढलेले बर्फाचे तुकडे तिच्यात भरा, तोंड मुठीत पिळून धरा, ओट्यावर ठेवा आणि लाटण्याने किंवा बत्त्याने जोरात हाणा. अर्ध्या मिनिटात काम होतं. ठोकताना निघणारं पाणी कापड शोषून घेतं आणि आत राहतो तो कोरडा बर्फ. प्लॅस्टिकच्या पिशवीत कुटला तर हेच पाणी आत राहतं आणि पेय सुरुवातीलाच पांचट होतं. मिक्सरमध्ये फिरवला तर काही तुकडे भुगा आणि काही अख्खे राहतात. गोळ्याच्या गाडीवर किसतात तितका बारीक बर्फ पण नको, तो पाच मिनिटांत पाणी होतो. आपल्याला हवा जाड्या मिठाच्या खड्यांपासून वाटाण्याएवढ्यापर्यंत, मिसळ आकाराचा.

पाणी पिण्याचं, गाळलेलं किंवा उकळून गार केलेलं. बाजारातली लादी घेऊ नका. महाराष्ट्रात २०१८पासून न खाण्याच्या बर्फात निळा रंग घालण्याचा नियम आहे, पण घरच्या बर्फाचा भरवसा वेगळाच. आणि बर्फ भरपूर करून ठेवा. एका पेल्याला दोन ट्रे लागतात असं धरून चाला. फ्रीजरमध्ये मासळी किंवा चिरलेला लसूण असेल तर ट्रे झाकून ठेवा, बर्फ वास फार पटकन धरतो.

पेला

केंटकीत ज्युलेप चांदीच्या किंवा पिउटरच्या (कथिलाच्या मिश्रधातूच्या) पेल्यात देतात. धातू थंडी चटकन बाहेर पोचवतो आणि पेल्यावर पांढरं दव गोठतं. घरात चांदीचा मोठा पेला असेल तर या कामाला त्याच्याइतकं योग्य दुसरं काही नाही. चांदीचं फुलपात्र आकाराने बहुधा लहान पडतं. त्यात अर्ध्या मापाचा ज्युलेप करा, तो छान दिसतो आणि पाहुण्यांना चव दाखवायला पुरतो. नाहीतर आपला रोजचा स्टीलचा पेला घ्या, ३०० ते ३५० मिलीचा, पातळ पत्र्याचा. मी बहुतेक वेळा तोच वापरते. काचेच्या ग्लासातही ज्युलेप होतो, फक्त दव नीट धरत नाही. पेला करायच्या आधी अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवा.

आता करायला घ्या

एका पेल्यासाठी: बर्बन ६० मिली, पाक १५ मिली म्हणजे एक टेबलस्पून, पुदिन्याची ८ ते १० पानं, सजावटीला २-३ शेंडे, आणि कुटलेला बर्फ पेल्याला शीग येईल इतका. व्हिस्की मापायला बाटलीबरोबर मिळणारं पेगचं माप वापरा. अंदाजाने ओतू नका; अंदाज नेहमी जास्तच होतो.

पहिली पायरी. थंड पेल्यात पुदिन्याची पानं टाका आणि त्यावर पाक घाला. आधी पाक, मग दाबणं, हा क्रम महत्त्वाचा. पाकात पानं निसटती राहतात, फाटत नाहीत.

दुसरी पायरी, आणि सगळ्यात नाजूक. बत्त्याची चपटी बाजू किंवा लाकडी डाव पानांवर ठेवा आणि हलकेच दाबा. चार-पाच वेळा, बस्स. फिरवायचं नाही, रगडायचं नाही. पुदिन्याचं सुगंधी तेल पानाच्या पृष्ठभागावरच्या अगदी बारीक ग्रंथींमध्ये असतं. त्या नुसत्या दाबाने फुटतात. पान चिरडलं की आतला हिरवा रस बाहेर येतो, आणि तोच कडू असतो. झालं की कसं ओळखायचं? पेल्यात नाक घाला. पुदिन्याचा वास एकदम भरून आला पाहिजे. पानं काढून पाहिली तर अख्खी असावीत, थोडी गडद झालेली, जशी खिशात ठेवून चुकून दबली असावीत. पाकाचा रंग हिरवा झाला असेल तर जास्त दाबलंत. त्यावर उपाय नाही, पेला धुवून पुन्हा करा.

तिसरी. एक पान उचलून पेल्याच्या आतल्या कडेवरून, वरपर्यंत फिरवा. यामुळे ओठ लागतील तिथेही वास राहतो. काही जण या वेळी सगळी पानं बाहेर काढतात. मी आत ठेवते.

चौथी. निम्मा बर्बन ओता. पेला अर्ध्यापेक्षा थोडा जास्त बर्फाने भरा. आता लांब दांड्याच्या चमच्याने ढवळा; चमचा तळापर्यंत न्या आणि वर-खाली, गोल असं मिसळून. पेला वरच्या कडेला धरा, पोटाला धरू नका. हाताची ऊब त्याला लागली की दव धरत नाही. ढवळता ढवळता वीस-तीस सेकंदांत एक गोष्ट डोळ्यांसमोर घडते: पेल्याची बाहेरची चकाकी आधी धुरकट होते, मग खालून वर पांढरी साय चढावी तसा पातळ थर चढत येतो. बोटाने रेघ ओढली तर उमटते. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत आधी पाण्याचे थेंब येतात आणि ते ओघळायला लागतात. अशा वेळी पेला ढवळण्यापूर्वी कोरड्या फडक्याने पुसा आणि पंखा बंद ठेवा. नागपूर, पुण्याकडच्या कोरड्या हवेत ही साय सुरेख धरते.

पाचवी. उरलेला बर्बन घाला, पुन्हा बर्फ भरा, थोडं ढवळा. बर्फ खाली बसेल. मग शेवटचा बर्फ हाताने दाबून वर शीग लावा, धान्याच्या मापावर लावतात तशी. ही शीग फक्त शोभेची नाही. वरचा बर्फ वितळून हळूहळू खाली जातो आणि पेय शेवटपर्यंत थंड राहतं.

सहावी. पुदिन्याचे शेंडे एका तळहातावर ठेवा आणि दुसऱ्या हाताने एकदा टाळी वाजवा. एवढ्याने वास सुटतो. शेंडे बर्फात खोचून ठेवा, पेल्याच्या एका बाजूला, गुच्छासारखे. स्ट्रॉ घ्या आणि ती आखूड कापा; पुदिन्याच्या वर दोन बोटं एवढीच उरावी. म्हणजे प्रत्येक घोटाला नाक पुदिन्यात जातं. ज्युलेपमधला पुदिना तोंडापेक्षा नाकाने जास्त घ्यायचा असतो, म्हणूनच त्याला वाटायची गरज पडत नाही. स्ट्रॉ त्याच गुच्छाजवळ लावा, पलीकडच्या बाजूला लावलीत तर वासाची सगळी मेहनत वाया.

पेला रुमालात धरून द्या. आणि पहिला घोट घ्यायच्या आधी एक मिनिट थांबा. पहिला घोट जड आणि तीव्र लागतो, कारण अजून पाणी मिसळलेलं नसतं. दहा मिनिटांनी तेच पेय गोल, मऊ होतं. वीस मिनिटांनी जवळजवळ सरबतासारखं. ज्युलेप घाईने पिणाऱ्याला फक्त पहिली चव मिळते.

बिघडलं तर

कडू लागत असेल तर पानं चिरडली गेली किंवा देठ आत गेला. गोडमिट्ट लागत असेल तर पाक पुढच्या वेळी १० मिली करा. आपल्या साखरेच्या जिभेला सुरुवातीला १५ बरा वाटतो, दोन-तीनदा केल्यावर आपोआप कमी होतो. पाणचट लागत असेल तर बर्फ ओला होता, किंवा ढवळणं फार लांबलं. वास येत नसेल तर पुदिना शिळा आहे, आणि त्याला पर्याय नाही. पुदिन्याचा अर्क, इसेन्स यातलं काहीही घालू नका.

लिंबू हवंच असेल तर

आंबट हवं असणाऱ्यांसाठी ज्युलेपचं एक जवळचं भावंड आहे, व्हिस्की स्मॅश. आपल्या लहान लिंबाच्या दोन फोडी पाकाबरोबर दाबून रस काढा, मग पुदिना घाला, व्हिस्की ६० मिली, पाक २० मिली, आणि झाकणाच्या घट्ट बरणीत बर्फाबरोबर दहा-बारा सेकंद जोरात हलवा. चहाच्या गाळणीने बर्फ भरलेल्या ग्लासात गाळा. आपल्या उन्हाळ्यात हेच जास्त लोकांना आवडतं, आणि नवख्या माणसाला ते जमायलाही सोपं, कारण पानं फाटली तरी लिंबू सांभाळून घेतं. पण ज्युलेप करताना त्यात लिंबू पिळू नका, ते मग वेगळंच पेय होतं.

बिनदारूचा पेला

नुसता पुदिना, पाक आणि बर्फ घातला तर ते पुदिन्याचं सरबत होतं. चांगलं असतं, पण ज्युलेपचा तो तुरटपणा येत नाही. त्यासाठी कोरा चहा करा. एक कप उकळत्या पाण्यात दोन चमचे चांगली पानांची चहा पावडर, चार मिनिटं, गाळून फ्रीजमध्ये गार. ९० मिली चहा, २० मिली पाक, पुदिना आणि बर्फ, बाकी कृती वर दिली तशीच, पेल्याच्या दवासकट. घरातल्या मोठ्या माणसांना मी हाच देते आणि पेला त्यांनाही चांदीचाच.

बरोबर खायला फार मसालेदार काही नको. लुइव्हिलमध्ये काकडी आणि क्रीम चीजचं बेनेडिक्टाईन नावाचं सारण भरून छोटी सँडविचेस करतात. आपल्याकडे घट्ट चक्क्यात काकडी किसून, पाणी पिळून, मीठ घालून तसंच सारण होतं. भाजलेले शेंगदाणे तर कुठेही चालतात.

जुडीतल्या उरलेल्या काड्या टाकू नका. खालची पानं काढून त्या पाण्यात उभ्या ठेवा आणि खिडकीत, थेट ऊन नसेल अशा जागी ठेवा. पाणी दोन दिवसांनी बदला. आठ-दहा दिवसांत गाठींपाशी पांढरी मुळं फुटतात. मग आडव्या, पसरट कुंडीत लावा. पुदिना खोल जात नाही, आडवा पळतो. महिन्याभरात पहिले शेंडे खुडण्याजोगे होतात, आणि कुंडीतून खुडून लगेच पेल्यात गेलेल्या पुदिन्याचा वास बाजारातल्या कुठल्याच जुडीला नसतो.